तपकिरी समुद्रशेवाळ त्वचेसाठी कसं वापरावं: लेबल वाचण्यापासून घरच्या लेपापर्यंत

ओहोटी लागली की किनाऱ्यावरच्या खडकांना चिकटलेलं तपकिरी शेवाळ उघडं पडतं. पुढचे काही तास त्याच्या अंगावर ऊन, वारा आणि वाळत जाणारं मीठ. वरून ते चामड्यासारखं कोरडं दिसायला लागतं. पण एखादी पाती बोटांत धरून दाबली तर आत अजून ओल असते आणि बोटांना बुळबुळीत चिकटा लागतो. भरतीचं पाणी पुन्हा चढलं की तीच पाती थोड्या वेळात फुलून येते.

त्वचेच्या दृष्टीने या शेवाळाची खरी किंमत त्या चिकट्यात आहे. पाणी धरून ठेवणं हा त्याचा जगण्याचा मार्ग आहे आणि आपल्या त्वचेची रोजची अडचणही तीच: आतलं पाणी हवेत उडून जातं. बरण्यांवर मात्र याहून बरंच काही लिहिलेलं असतं. सुरकुत्या जातील, रंग उजळेल, विषारी द्रव्यं ओढून काढली जातील. यातल्या कशावर विश्वास ठेवायचा, कशाला थोडी शक्यता म्हणायचं आणि कशाकडे सरळ दुर्लक्ष करायचं, हे कळलं की हा घटक फार चांगला उपयोगी पडतो. म्हणून आधी ओळख, मग अपेक्षा, आणि मग प्रत्यक्ष वापर, असा क्रम घेऊ.

तपकिरी म्हणजे नेमकं कोणतं?

समुद्रशेवाळाचे ढोबळ तीन गट: हिरवं, लाल आणि तपकिरी. तपकिरी गटात सुमारे दीड ते दोन हजार जाती आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्या खाऱ्या पाण्यातल्या. त्यांच्या हरितद्रव्यावर फ्युकोझँथिन नावाच्या नारिंगी-तपकिरी रंगद्रव्याची छाया असते, त्यावरून हा रंग. शास्त्रीय वर्गीकरणात ही शेवाळं जमिनीवरच्या झाडांची जवळची नातलगही नाहीत.

सौंदर्यप्रसाधनांत वारंवार भेटणारी नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. खडकांवर वाढणारं, पातीवर हवेचे फुगे असलेलं फ्युकस व्हेसिक्युलोसस. लांब पट्ट्यांचं लॅमिनारिया डिजिटाटा. सॅकरिना जपोनिका, म्हणजे कोंबू. उंडारिया पिनाटिफिडा, म्हणजे वाकामे. पाण्याखाली उंच जंगलं उभारणारं मॅक्रोसिस्टिस पायरिफेरा, आणि गाठीगाठीचं ॲस्कोफिलम नोडोसम. यांतल्या मोठ्या, पट्ट्यांसारख्या जातींना मिळून केल्प म्हणतात.

इथे घोळ फार होतो. अगर-अगर आणि कॅराजिनन लाल शेवाळातून येतात. उन्हापासून बचाव करणारी मायकोस्पोरिन गटातली द्रव्यंही मुख्यतः लाल शेवाळातच सापडतात. स्पिरुलिना तर समुद्रशेवाळच नव्हे, तो एक प्रकारचा जिवाणू आहे. तरी ‘सागरी शैवाल’ या एका नावाखाली सगळ्यांचे गुण एकत्र सांगितले जातात. तुमच्या हातातल्या बरणीत काय आहे, हा पहिला प्रश्न त्यासाठीच विचारायचा.

आत काय असतं आणि ते कुठवर पोहोचतं

या शेवाळाचा रासायनिक इतिहास मला फार आवडतो. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार कूर्तवा समुद्रशेवाळाच्या राखेवर काम करत असताना जांभळी वाफ निघाली आणि आयोडीन हे मूलद्रव्य जगाला कळलं. १८८१ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ ई. सी. सी. स्टॅनफर्ड यांनी अल्जिनिक आम्ल वेगळं केलं. १९१३ मध्ये स्वीडनच्या हाराल्ड क्युलिन यांनी फ्युकोइडन शोधलं. आज त्वचेसाठी ज्या घटकांचा गवगवा होतो, त्यांतले बरेच शंभर वर्षांहून जुने शोध आहेत.

अल्जिनेट हा पेशीभित्तिकेतला लवचीक घटक. लाटांच्या माऱ्यात पाती मोडत नाही ती त्याच्यामुळे. फ्युकोइडन म्हणजे सल्फेटयुक्त साखरेची लांब साखळी, चिकट्यातला महत्त्वाचा भाग. लॅमिनारिन हा शेवाळाचा साठवणीचा पदार्थ, मॅनिटॉल ही पाणी खेचणारी साखर-अल्कोहोल. वाळलेल्या कोंबूवर जी पांढरी भुकटी दिसते त्यात मॅनिटॉल असतं, ती बुरशी नव्हे. शिवाय फ्लोरोटॅनिन्स नावाची पॉलिफेनॉल द्रव्यं, जी या तपकिरी गटाचीच खासियत आहेत.

आता कळीची गोष्ट. त्वचेच्या बाहेरच्या थरातून आत शिरायला रेणू लहान लागतो. साधारण ५०० डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) आतला, असा अंदाज त्वचाविज्ञानात वापरला जातो. अल्जिनेट आणि फ्युकोइडनचे रेणू याच्या कितीतरी पट मोठे, हजारो ते लाखो डाल्टनचे असतात. ते त्वचेच्या पृष्ठभागावरच थांबतात. यात निराश होण्यासारखं काही नाही. पृष्ठभागावर ते एक पातळ, ओलसर पापुद्रा तयार करतात, वरच्या थरातलं पाणी उडून जाण्याचा वेग थोडा कमी करतात, आणि त्वचा हाताला मऊ लागते. पाणी कमी पडल्यामुळे उमटणाऱ्या बारीक रेषा त्यामुळे तात्पुरत्या भरल्यासारख्या दिसतात. हा फायदा तुम्हाला लगेच अनुभवता येतो आणि माझ्या मते या शेवाळाकडून मागावी ती हीच पहिली गोष्ट.

दुसऱ्या पायरीवर अशा गोष्टी येतात ज्यांना काही आधार आहे, पण थोडा. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्युकस व्हेसिक्युलोससचा १ टक्का अर्क असलेलं जेल माणसांच्या गालांवर दिवसातून दोनदा, पाच आठवडे लावलं होतं. त्वचेची लवचीकता सुधारल्याचं आणि जाडी कमी झाल्याचं मोजमापात दिसलं. वयाबरोबर गालाची त्वचा जाड आणि कमी लवचीक होत जाते, म्हणून हा बदल चांगल्या दिशेचा मानला गेला. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे. पण त्यावरून ‘सुरकुत्या पुसल्या जातात’ म्हणणं फार मोठी उडी होईल, आणि तो अर्क व तुमच्या बरणीतला अर्क एकच असेल असंही नाही.

फ्युकोइडन कोलॅजन तोडणाऱ्या एन्झाइमना रोखतं, फ्लोरोटॅनिन्स ऑक्सिडीकरणाचा मारा शोषून घेतात आणि त्वचेचा रंग तयार करणाऱ्या टायरोसिनेज एन्झाइमचं काम मंदावतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. प्रयोगशाळेतल्या पेशी मात्र उघड्या असतात. त्यांच्यावर त्वचेच्या बाहेरच्या थराचं कवच नसतं. म्हणून वांग किंवा काळे डाग असतील तर शेवाळाच्या भरवशावर महिने घालवू नका.

आणि तिसरं, सोडून देण्यासारखं. ‘विषारी द्रव्यं खेचून काढतं’ या दाव्याचं मूळ बहुधा असं असावं की अल्जिनेट पाण्यातले धातू स्वतःला बांधून घेतं. ते खरं आहे, पण पाण्यातलं. त्वचेतून शरीरातली विषं लेपात उतरत नाहीत. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. शेवाळाची पट्टी गुंडाळल्याने कमी झालेला कंबरेचा घेर हा दाबाचा आणि पाण्याचा खेळ असतो, दुसऱ्या दिवशी पूर्ववत होतो.

पहिली पायरी: आपण वापरावं का, हे ठरवा

निरोगी त्वचेच्या बहुतेक लोकांना शेवाळाचं क्रीम किंवा सीरम त्रास देत नाही. काही जणांनी मात्र आधी थांबायला हवं.

थायरॉइडचा आजार असेल, त्याची औषधं चालू असतील, गर्भारपण किंवा स्तनपान चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंगभर लेप, शेवाळाची आंघोळ किंवा शेवाळाच्या गोळ्या घेऊ नका. कारण आयोडीन. चेहऱ्यावरच्या थोड्याशा क्रीममधून जाणारं आयोडीन हा सहसा चिंतेचा विषय नसतो, पण मोठ्या भागावर, उबदार आणि ओला लेप बराच वेळ ठेवणं वेगळं. लहान बाळांना असे लेप लावूच नयेत.

इसब चिघळलेला असेल, त्वचा फाटलेली, नुकती दाढी केलेली किंवा वॅक्सिंग केलेली असेल, उन्हाने भाजलेली असेल, तर घरचा लेप टाळा. शेवाळातलं मीठ झोंबतं. रुग्णालयात जखमांवर अल्जिनेटच्या पट्ट्या वापरतात हे खरं आहे. त्या शुद्ध केलेल्या, निर्जंतुक असतात आणि जखमेच्या स्रावातल्या सोडियमशी कॅल्शियमची अदलाबदल होऊन त्यांचं जेल बनतं. घरातल्या भुकटीचा त्याच्याशी संबंध नाही.

कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांना नेहमी एक प्रश्न पडतो. त्या ॲलर्जीचं कारण त्या प्राण्यांमधली प्रथिनं असतात, आयोडीन नव्हे. पण न साफ केलेल्या शेवाळाला बारीक कवचधारी जीव चिकटलेले असू शकतात. ॲलर्जी तीव्र असेल तर घरगुती लेपापेक्षा शुद्ध केलेल्या अर्काचं तयार उत्पादन निवडा, आणि तेही डॉक्टरांना विचारून.

मुरुमांबद्दल: इंटरनेटवरच्या काही याद्यांमध्ये ‘अल्गी एक्स्ट्रॅक्ट’ला रंध्रं बुजवणाऱ्या घटकांत अगदी वरचा क्रमांक दिलेला दिसतो. अशा याद्यांचा पाया बहुतांशी सशाच्या कानावर केलेल्या जुन्या चाचण्यांचा आहे. तिथे घटक एकटा तपासला जातो. तयार क्रीममध्ये तो किती आहे आणि कशासोबत आहे, यावर परिणाम ठरतो. त्यामुळे त्या यादीवरून घाबरून जाऊ नका, पण मुरुमांची प्रवृत्ती असेल तर पुढची तिसरी पायरी अजिबात गाळू नका.

दुसरी पायरी: लेबल नीट वाचा

पुढच्या बाजूला लाटांचं चित्र असतं. मागची बाजू बघा.

सगळ्यात आधी पूर्ण नाव शोधा. ‘लॅमिनारिया डिजिटाटा एक्स्ट्रॅक्ट’, ‘फ्युकस व्हेसिक्युलोसस एक्स्ट्रॅक्ट’ असं प्रजातीसह लिहिलेलं असेल तर निदान काय आहे ते कळतं. नुसतं ‘अल्गी एक्स्ट्रॅक्ट’ म्हटलं असेल तर ते कोणतंही शेवाळ असू शकतं. ‘अल्जिन’ किंवा ‘सोडियम अल्जिनेट’ हे अल्जिनेटचं नाव. बऱ्याच क्रीममध्ये ते केवळ दाटपणासाठी घातलेलं असतं.

मग जागा बघा. घटक सहसा प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात आणि १ टक्क्याच्या खालचे घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. एक साधी खूण सांगते. ‘फिनॉक्सीइथॅनॉल’ हे परिरक्षक युरोपात जास्तीत जास्त १ टक्का वापरायला परवानगी आहे. यादीत शेवाळाचं नाव त्याच्याही नंतर आलं असेल, तर ते साधारण १ टक्का किंवा त्याहून कमी आहे असं धरून चाला. वर सांगितलेल्या अभ्यासात १ टक्काच अर्क होता, त्यामुळे कमी म्हणजे निरुपयोगी असं नाही. पण सुगंधाच्याही नंतर, अगदी शेवटी नाव असेल तर ते बहुधा लाटांच्या चित्रासाठी घातलं आहे.

शेजारी कोण आहे तेही महत्त्वाचं. ग्लिसरीन, सेरामाइड, पॅन्थेनॉल, स्क्वालेन असे सोबती असतील तर ओलावा टिकवण्याचं काम चांगलं होईल. तीव्र सुगंध किंवा भरपूर डिनेचर्ड अल्कोहोल असेल तर कोरड्या, नाजूक त्वचेने लांब राहावं. फ्युकोझँथिन आणि पॉलिफेनॉल द्रव्यं प्रकाश व उष्णतेने खराब होतात, म्हणून पारदर्शक बाटलीपेक्षा अपारदर्शक पंप बरा.

भुकटी घेणार असाल तर खाण्यायोग्य प्रतीची, प्रजातीचं नाव असलेली, आणि जड धातूंची तपासणी झाल्याचं सांगणारी घ्या. तपकिरी शेवाळ पाण्यातलं आर्सेनिक, कॅडमियम, शिसं साठवून ठेवू शकतं. यातलं बरंचसं आर्सेनिक कमी घातक सेंद्रिय रूपात असतं. पण हिजिकी नावाच्या जातीत अकार्बनी, म्हणजे घातक, आर्सेनिक जास्त आढळतं, म्हणून ती टाळाच.

किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ उचलून आणून लावण्याचा मोह कितीही होवो, तो आवरा. ते कुठल्या पाण्यात वाढलं ते माहीत नसतं, आणि कुजायला लागलेल्या ढिगातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो.

तिसरी पायरी: पॅच टेस्ट

हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या घडीजवळ, नाण्याएवढ्या जागेवर उत्पादन दिवसातून दोनदा लावा. असं सात ते दहा दिवस करा. एकदा लावून चोवीस तास वाट बघणं पुरेसं नसतं, कारण ॲलर्जीची प्रतिक्रिया कधीकधी अनेक दिवसांनी उमटते. धुऊन टाकायचा लेप असेल तर जितका वेळ चेहऱ्यावर ठेवणार तितकाच वेळ ठेवून धुवा. लालसरपणा, खाज, सूज किंवा पुरळ दिसलं तर तिथेच थांबा. मुरुमांची प्रवृत्ती असणाऱ्यांनी यानंतर जबड्याच्या कडेला छोट्या भागावर आणखी दोन आठवडे लावून पाहावं.

चौथी पायरी: रोजच्या क्रमात कुठे बसवायचं

सौम्य क्लिन्झरने चेहरा धुवा. टॉवेलने हलकं टिपा, पण पूर्ण कोरडा करू नका. त्वचा किंचित ओली असतानाच शेवाळाचं सीरम किंवा जेल लावा. हा ओलावा महत्त्वाचा आहे: पाणी धरणाऱ्या घटकाला धरायला पाणी तर हवं. मग मिनिटभर थांबून त्यावर मॉइश्चरायझर. शेवाळाचा पापुद्रा पाणी धरतो, पण तेलकट थराइतकं कुलूप लावत नाही. कोरड्या हवेत नुसतं जेल लावून सोडलं तर तासाभरात त्वचा ओढल्यासारखी वाटते, आणि लोक शेवाळालाच दोष देतात.

सकाळी या सगळ्यावर सनस्क्रीन. फ्लोरोटॅनिन्स शेवाळाला उन्हापासून वाचवतात हे खरं असलं, तरी क्रीममधलं त्यांचं प्रमाण सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही.

एक नेहमीची तक्रार म्हणजे थरावर थर लावताना खडूच्या चुऱ्यासारखे कण सुटतात. अल्जिनेटचा पापुद्रा अर्धवट वाळलेला असताना वरून घासलं की असं होतं. जेल कमी घ्या, वाटाण्याएवढं पुरतं. ते बसू द्या, आणि वरचं क्रीम चोळण्याऐवजी दाबून लावा.

रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए गटातलं द्रव्य) किंवा आम्लयुक्त उत्पादन वापरत असाल तर शेवाळ त्यांच्या सोबत चालतं. उलट, त्यांनी कोरडी पडलेली त्वचा शांत ठेवायला ते बरं पडतं. फक्त दोन्ही नवीन गोष्टी एकाच आठवड्यात सुरू करू नका. त्रास झाला तर कोणामुळे झाला ते कळणार नाही.

पाचवी पायरी: घरचा लेप

हा भाग मी मुद्दाम लांबवते आहे, कारण चुका इथेच होतात.

वाळलेल्या केल्पची अगदी बारीक भुकटी एक चहाचा चमचा घ्या. भुकटी दोन बोटांत चोळून पाहा. खरखर लागली तर ती चेहऱ्यासाठी नाही, किंवा बारीक कापडातून वस्त्रगाळ करून घ्या. काचेच्या स्वच्छ वाटीत तीन ते चार चमचे कोमट, उकळून निवलेलं पाणी घालून ढवळा आणि दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा. भुकटी फुगते आणि पातळ दिसणारं मिश्रण दाट होतं. सुरुवातीलाच पाणी कमी वाटलं म्हणून आणखी भुकटी घालू नका. फुगल्यावर अर्धा चमचा ग्लिसरीन मिसळा. एवढंच. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा, दालचिनी, इसेन्शियल ऑइल यांतलं काहीही नको.

स्वच्छ, किंचित ओल्या चेहऱ्यावर पातळ थर लावा. डोळ्यांभोवतीची जागा आणि ओठ सोडा. दहा मिनिटं ठेवा, आणि त्या वेळात लेप वाळू देऊ नका. सुकायला लागला की ओल्या बोटांनी टिपा, किंवा वरून ओलं पातळ कापड ठेवा. लेप कडक होईपर्यंत ठेवण्याची सवय अनेकांना असते, त्वचा ताणली गेली की ‘काम करतंय’ असं वाटतं. प्रत्यक्षात वाळत जाणारा लेप तुमच्याच त्वचेतलं पाणी ओढायला लागतो आणि मिठाचं प्रमाण वाढून झोंबायला लागतं. ज्या ओलाव्यासाठी लेप लावला, तोच गमावून बसाल.

काढताना भरपूर कोमट पाण्याने भिजवून सोडवा, घासू नका. लगेच मॉइश्चरायझर लावा. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. थोडासा समुद्राचा वास दिवसभर येत राहिला तर ते नीट धुतलं न गेल्याचं लक्षण.

भुकटीऐवजी पट्ट्या मिळत असतील तर जेल करता येतं, आणि ते मला लेपापेक्षा आवडतं, कारण त्यात कण नसतात. पाच ग्रॅम वाळलेली पट्टी नळाखाली धुवा, दहा मिनिटं पाण्यात ठेवून ते पाणी फेकून द्या. त्यात बरंचसं मीठ आणि काही आयोडीन निघून जातं. मग २०० मिलिलिटर नवीन पाण्यात पट्टी तुकडे करून टाका, मंद आंचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा, खळखळ उकळू देऊ नका. निवल्यावर मलमलीतून पिळून गाळा. हाती येतो तो चिकट द्रव म्हणजे प्रामुख्याने गरम पाण्यात उतरणारं फ्युकोइडन, लॅमिनारिन आणि थोडं अल्जिनेट. तो बाजारच्या जेलइतका घट्ट होणार नाही, कारण पातीतलं अल्जिनेट कॅल्शियमशी बांधलेलं असतं आणि नुसत्या पाण्यात फारसं सुटत नाही. कारखान्यात ते सोडवायला अल्कली वापरतात. ते वाचून घरी सोडा घालणारे लोक असतात. असं जेल अल्कधर्मी होतं, आणि त्वचेचा पृष्ठभाग मुळात आम्लधर्मी असतो. पातळ तर पातळ, ते तसंच वापरा. चेहऱ्यावर लावून दहा मिनिटांनी धुवा, किंवा उन्हाने त्रासलेल्या, पण न भाजलेल्या त्वचेवर कापडाची घडी त्यात भिजवून ठेवा.

साठवणीबद्दल कडक राहा. यात साखरेच्या साखळ्या आहेत, पाणी आहे, आणि परिरक्षक नाही. जंतूंना यापेक्षा चांगलं काय हवं? लेप उरला तर फेकून द्या. जेल निर्जंतुक केलेल्या बाटलीत, फ्रिजमध्ये, दोन दिवस. वास आला नाही म्हणजे चांगलं आहे, असं समजू नका. बर्फाच्या साच्यात गोठवून एक-एक खडा वितळवून वापरता येतो, पण बर्फ थेट चेहऱ्यावर फिरवू नका.

सहावी पायरी: सोलून निघणारा अल्जिनेट मास्क

पार्लरमध्ये रबरासारखा अख्खा सोलून निघणारा जो मास्क दिसतो, तो याच शेवाळातल्या अल्जिनेटचा. तयार भुकटीत सोडियम अल्जिनेट आणि कॅल्शियमचा क्षार असतो. पाणी घातलं की कॅल्शियम अल्जिनेटच्या साखळ्यांना एकमेकींशी जोडतं आणि जेल घट्ट होतं. दातांचे साचे घेण्याची पद्धतही हीच.

पाकिटावरचं प्रमाण पाळा, साधारणपणे एक भाग भुकटीला तीन भाग पाणी असतं. पाणी थंड घेतलं तर हाताशी वेळ जास्त मिळतो, कोमट घेतलं तर मिश्रण वाटीतच घट्ट होतं. आधी भुवयांवर आणि केसांच्या कडेला थोडं क्रीम लावा, नाहीतर सोलताना केस निघतात. खाली सीरम लावा आणि मग जाड थर, निदान तीन-चार मिलिमीटर. पातळ थर कडेला वाळून तुटतो. पंधरा-वीस मिनिटांनी कडेपासून वर सोला. याचा मुख्य फायदा झाकण्याचा आहे: खालचं सीरम आणि त्वचेतलं पाणी उडत नाही, म्हणून त्वचा भरलेली दिसते. हा परिणाम एखाद-दोन दिवसांचा असतो, एखाद्या खास दिवसाआधी छान. उरलेलं जेल बेसिनमध्ये ओतू नका, नळीत घट्ट बसेल.

आंघोळ आणि गोळ्या

शेवाळाची आंघोळ अंगाला सुखद असते. कोमट पाणी, पंधरा मिनिटं, शेवाळ कापडी पिशवीत बांधलेलं, आणि बाहेर येताच मॉइश्चरायझर. टबचा तळ कमालीचा निसरडा होतो, धरायला आधार ठेवा.

गोळ्यांच्या बाबतीत मी स्पष्ट विरोधात आहे. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. काही केल्पच्या एका ग्रॅम सुक्या वजनात १,००० मायक्रोग्रॅमहून जास्त, आणि काहींत त्याच्याही अनेक पट आयोडीन असू शकतं. दोन बाटल्यांतलं प्रमाणही सारखं नसतं. जास्त आयोडीनने थायरॉइड बिघडू शकतो, आणि मुरुमांसारखं पुरळही उठू शकतं. नितळ त्वचेसाठी घेतलेली गोळी चेहऱ्यावर पुरळ आणू शकते.

सातवी पायरी: फरक पडतोय का, ते मोजा

सुरुवातीच्या दिवशी आणि पुन्हा आठ आठवड्यांनी, खिडकीजवळ, त्याच वेळी, त्याच अंतरावरून चेहऱ्याचे तीन फोटो काढा: समोरून आणि दोन्ही बाजूंनी. वहीत रोज एकच ओळ लिहा: दुपारी त्वचा ओढल्यासारखी वाटली का, खपल्या दिसल्या का, नवा मुरुम आला का. ओलाव्याचा फरक पहिल्या आठवड्यातच जाणवायला हवा. त्वचेच्या वरच्या थराचं नूतनीकरण व्हायला साधारण महिना लागतो, म्हणून पोत आणि लवचीकपणाबद्दलचं मत आठ आठवड्यांनी बनवा. तोवर बाकीचा क्रम बदलू नका.

मधेच आग होत राहिली, बारीक एकसारखे पुटकुळ्यांचे पुंजके आले किंवा पापण्या सुजल्या, तर उत्पादन बंद करा. दोन-तीन दिवसांत कमी झालं नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि जाताना बाटली सोबत न्या, घटकांची यादी त्यांना तिथेच बघता येईल. चेहरा सुजून श्वासाला त्रास झाला तर मात्र बाटली शोधत बसू नका, तातडीने रुग्णालय गाठा.

आठ आठवड्यांनी फोटो शेजारी ठेवून काहीच फरक दिसला नाही, आणि त्रासही झाला नाही, तर उरलेलं क्रीम टाकून देऊ नका. हाताच्या पाठी, कोपरं आणि टाचा यांना ते रात्री लावा, वर मोजे घाला. पुढच्या वेळी चेहऱ्यासाठी ग्लिसरीन आणि सेरामाइडचं साधं मॉइश्चरायझर घ्या.